हंगाम ओसरताना आयोनियन समुद्रात शिडाची बोट: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ग्रीसच्या पश्चिमेला, लेफ्काडा, इथाका आणि केफालोनिया या बेटांच्या मधल्या समुद्रात ऑगस्ट महिन्यात बोटींची इतकी दाटी होते की फिस्कार्डोसारख्या बंदरात जेवणवेळेच्या आधी पोहोचलं नाही, तर धक्क्याला जागा मिळत नाही. सप्टेंबरचा मध्य उलटला की गर्दी ओसरते. धक्क्यावर दोन बोटींच्या मधे मोकळी फट दिसू लागते, खानावळवाल्यांना तुमच्याशी बोलायला वेळ असतो आणि बोटीचं भाडंही बरंच खाली आलेलं असतं. पाणी मात्र अजून कोमट असतं, साधारण २४ अंश. ज्यांना पहिल्यांदा स्वतः बोट हाताळायची आहे त्यांनी हेच दिवस धरावेत असं मी आवर्जून सांगते, कारण शिकाऊ माणसाला सगळ्यात जास्त गरज मोकळ्या जागेची असते. फक्त आठवड्याचा आराखडा बेटांची यादी समोर ठेवून करू नका. तो हवामान बघून, रोजच्या रोज करा. खालचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

आधी तारखा

१५ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर हा पट्टा सर्वांत चांगला. त्यानंतर दिवस भराभर लहान होतात, प्रेवेझाला, म्हणजे या बेटांसाठीच्या जवळच्या विमानतळावर, येणारी थेट विमानं कमी होत जातात आणि छोट्या बेटांवरच्या खानावळी एकेक करून बंद होतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास अंधार पडतो. अनोळखी बंदरात अंधारात शिरणं नवख्यांनी टाळायलाच हवं, त्यामुळे तेव्हा हातात फार थोडे तास उरतात.

कोकणातल्या माणसाला हे वेळापत्रक उलटं वाटेल. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्र खुला होतो. भूमध्य समुद्रात त्यानंतर थोड्याच आठवड्यांत तो मिटायची तयारी सुरू करतो. रोमन काळात तर नोव्हेंबर ते मार्च जहाजं बाहेरच काढत नसत, आणि सप्टेंबरच्या मध्यानंतरचे आठवडे भरवशाचे मानत नसत. त्यांची ती विभागणी आजही बऱ्यापैकी लागू पडते.

आयोनियनच का, तर इथे बेटं जवळजवळ आहेत. एका मुक्कामापासून दुसऱ्यापर्यंत पाच ते पंधरा सागरी मैल, म्हणजे एक ते तीन तासांचा प्रवास. मुख्य भूमी आणि मोठी बेटं यांच्या आडोशामुळे आतल्या पाण्यात लाट फारशी उठत नाही. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा दिवसचे दिवस झोडपतो. तो सप्टेंबरमध्ये ओसरतो खरा, पण तिथली अंतरं मोठी आहेत. क्रोएशियाचा किनारा सुंदर आहे, पण हंगाम उतरला की डोंगरावरून अचानक कोसळणारा बोरा वारा नवख्यांची परीक्षा घेतो. ते दोन्ही पुढच्या वर्षांसाठी ठेवा.

कोणत्या मार्गाने जायचं

तीन मार्ग आहेत. पहिला फ्लोटिला: आठ-दहा बोटींचा ताफा एकत्र निघतो, प्रत्येक बोट तिच्यावरचा गट स्वतः चालवतो, पण पुढे एक म्होरकी बोट असते. त्या बोटीवरची माणसं रोज सकाळी हवामान सांगतात आणि संध्याकाळी धक्क्यावर उभी राहून तुमचे दोर घेतात. दुसरा मार्ग, बोट भाड्याने घेऊन तिच्यासोबत स्किपर, म्हणजे बोट चालवणारा कप्तान, घ्यायचा. त्याचे दिवसाला साधारण दीडशे ते अडीचशे युरो होतात, शिवाय त्याचं जेवण आणि झोपायची जागा तुमच्याकडे. तिसरा, बोट पूर्णपणे आपल्या ताब्यात. पहिल्या खेपेला फ्लोटिला किंवा स्किपर यांपैकी एक निवडा. घरात कुणी एकाने प्राथमिक कोर्स केला असेल तर फ्लोटिला जास्त शिकवते, कारण सुकाणूचं चाक तुमच्याच हातात असतं.

ग्रीसमध्ये बोट ताब्यात घेणाऱ्याकडे नौकानयनाचं प्रमाणपत्र लागतं, आणि बरोबर निदान एक अनुभवी साथीदार असावा लागतो. मुंबईत किंवा गोव्यात घेतलेलं प्रमाणपत्र चालेल की नाही हे पैसे भरण्याआधी कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी होकारावर जाऊ नका. बंदरात कागद बघणारा माणूस वेगळा असतो.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, मग तुम्ही पुण्यातून निघा, दुबईतून किंवा लंडनमधून. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, तेव्हा पुढचं विमान घट्ट वेळेत धरू नका.

करार वाचताना चार गोष्टी नक्की तपासा: अनामत किती, ती परत कधी, विम्यात डिंगी (किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी) आणि तिचं इंजिन धरलं आहे का, आणि हवामानामुळे बोट वेळेत परत आणता आली नाही तर काय. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. हंगामाच्या शेवटी तोच सर्वांत महत्त्वाचा.

सामान आणि शिधा

कडक सुटकेस नको. बोटीवर ती ठेवायला जागाच नसते. घडी होणारी कापडी बॅग आणा. पांढऱ्या किंवा डाग न सोडणाऱ्या तळव्याचे बूट, वारा अडवणारं जाकीट, एक लोकरी टोपी, डोक्याला बांधायचा दिवा आणि पाण्याखाली बघायचा मास्क. दोर ओढताना हात सोलवटतात म्हणून हातमोजे. समुद्र लागण्याची गोळी निघण्याआधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग फारसा होत नाही. ज्याला मळमळतं त्याला खाली झोपायला पाठवू नका, वर बसवून चाक हातात द्या आणि क्षितिजाकडे बघायला सांगा.

खाण्याचं सामान नेताना एक नियम लक्षात ठेवा. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. साजूक तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या घरीच ठेवा. ओला कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्याही नकोत. नारळाला मात्र मुभा आहे. पोहे, तांदूळ, मूगडाळ, गोडा मसाला, मेतकूट आणि छोटा प्रेशर कुकर एवढं असलं की आठवडा निघतो. कुकर चैनीचा वाटेल, पण बोटीवर गॅसही मोजका आणि पाणीही मोजकं. शिवाय झाकण घट्ट बसत असल्याने लाटेत सांडत नाही. मांस-मासे न खाणाऱ्यांचे ग्रीसमध्ये हाल होत नाहीत. मोठ्या पांढऱ्या घेवड्याची भाजलेली भाजी, वाफवलेला रानपाला, ब्रियाम नावाची भट्टीतली मिसळ भाजी आणि फसोलाडा हे घेवड्याचं सूप बऱ्याच खानावळींत मिळतं.

बोट ताब्यात घेताना

बहुतेक करार शनिवार ते शनिवार असतात आणि बोट संध्याकाळी पाचच्या आसपास हातात येते. त्या संध्याकाळी निघू नका. धक्क्याला बांधलेल्या बोटीवरच झोपा आणि उजेड असेपर्यंत सगळं उघडून बघा. कंपनीचा माणूस घाईत असेल तरी नांगर स्वतः खाली-वर करून बघा, साखळीवर दर दहा मीटरला रंगाची खूण आहे का ते विचारा, कारण पुढे सगळा हिशेब त्या खुणांवर चालतो. मुख्य शीड उघडून त्याचं क्षेत्र कमी करून दाखवायला सांगा, त्याला रीफ करणं म्हणतात. जीवरक्षक जाकिटं प्रत्येकाच्या अंगावर बसवून घ्या. इंजिन सुरू झाल्यावर मागून पाणी पडतंय ना, हे बघायची सवय लावा. पाणी पडत नसेल तर इंजिन लगेच बंद. आधीचे ओरखडे आणि पोचे फोटोत टिपून ठेवा. टॉयलेटच्या पंपाचं नीट समजून घ्या, त्यात कागद टाकायचा नसतो. आठवड्यात सर्वांत जास्त बिघाड तिथेच होतात.

हवामान: रोजचं काम

उन्हाळ्यात इथलं हवामान घड्याळासारखं चालतं. सकाळी पाणी निपचित, दुपारी वायव्येकडून माएस्त्रो वाहू लागतो, चारच्या सुमारास तो बारा ते वीस नॉटपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) चढतो आणि सूर्यास्ताला पडतो. शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि त्या भागातला उन्हाळी वायव्य वारा एकमेकांत मिसळले की हा माएस्त्रो तयार होतो. सप्टेंबरच्या शेवटी जमीन तितकी तापत नाही, म्हणून तो मंदावतो. कधी दिवसभर शीड उघडावंसंही वाटत नाही.

मग एक दिवस हे चक्र मोडतं. समुद्राने उन्हाळाभर उष्णता साठवलेली असते. उत्तरेकडून पहिली थंड हवा वरच्या थरात सरकली की खालची दमट गरम हवा उसळी मारते आणि गडगडाटी वादळं तयार होतात. याची चाहूल बहुधा आदल्या दिवशी लागते. वारा वायव्य सोडून दक्षिणेकडे वळतो, हवा चिकट होते, वारा नसताना दक्षिणेकडून लांब लाट येऊ लागते. स्थानिक माणसं या दक्षिणेच्या वाऱ्याला ओस्त्रिया म्हणतात. वादळ गेलं की वारा झटक्यात वायव्येला फिरतो आणि आकाश धुतल्यासारखं होतं, पण ते पहिले काही तास जोराचे असतात.

क्वचित याहून मोठं संकट येतं. १७ आणि १८ सप्टेंबर २०२० ला इयानोस नावाचं भूमध्य समुद्रातलं चक्रीवादळ याच बेटांवर आलं. केफालोनिया, इथाका आणि झाकिन्थोसच्या बंदरांत बोटी बुडाल्या, किनाऱ्यावर फेकल्या गेल्या. अशी वादळं दरवर्षी इथे येत नाहीत, आणि आली तर अंदाजात आधी दिसतात. जो बघतो त्याला तयारीला वेळ मिळतो.

म्हणून रोजचा क्रम असा ठेवा. सकाळी चहाबरोबर विंडीसारख्या ॲपवर युरोपीय, अमेरिकन आणि जर्मन अशी हवामान अंदाजाची तीन मॉडेलं बघा. तिन्ही एकच सांगत असतील तर विश्वास ठेवा. फरक असेल तर त्यातलं सर्वांत वाईट खरं धरा. वाऱ्याच्या सरासरीपेक्षा झोतांचा आकडा महत्त्वाचा. गडगडाटाची शक्यता दाखवणारा थर वेगळा असतो, तोही उघडा, कारण वादळातला झोत वाऱ्याच्या नकाशात दिसत नाही. त्यानंतर ग्रीक हवामान खात्याचं सागरी वार्तापत्र. व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरवर चालू असू द्या, इशाऱ्यांची सूचना आधी तिथेच देतात. संध्याकाळी पुन्हा एकदा हेच.

मर्यादा आधीच ठरवा. वाऱ्याचा जोर बोफर्ट नावाच्या मापावर मोजतात. बोफर्ट ४, म्हणजे ११ ते १६ नॉट, हा नवख्यांचा आनंदाचा वारा. ५ मध्ये शीड कमी करून शिकता येतं. ६, म्हणजे २२ नॉटच्या वर, असा अंदाज असेल तर बंदरातच राहा आणि गाव पायी बघा. शीड कमी करायचा विचार मनात आला की तेव्हाच कमी करा. पंधरा मिनिटांनी तेच काम दुप्पट कठीण झालेलं असतं.

समुद्रात असताना काळा ढग गाठणार असं दिसलं तर तो येण्याआधी सगळी शिडं गुंडाळा, इंजिन सुरू करा, जाकिटं घाला, झरोके बंद करा आणि किनाऱ्यापासून दूर मोकळ्या पाण्याकडे तोंड करा. नवख्यांचा ओढा जमिनीकडे असतो, पण झोत अंगावर असताना खडक जवळ असणं सर्वांत धोक्याचं. विजा जवळ असतील तर अनेक खलाशी हातातला रेडिओ आणि एक फोन ओव्हनमध्ये ठेवतात. धातूची पेटी म्हणून ते वाचण्याची शक्यता वाढते. पाऊण तासात बहुतेकदा सगळं निवळतं.

मार्ग कसा आखायचा

विमान प्रेवेझाच्या ज्या अक्टिओन विमानतळावर उतरतं त्याच्या शेजारच्याच पाण्यात इ.स.पू. ३१ मध्ये ऑक्टेव्हियनच्या आरमाराने अँटनी आणि क्लिओपात्राचा पराभव केला. तिथून लेफ्काडा शहर टॅक्सीने अर्ध्या तासाच्या आत.

पहिल्या दिवशी जवळच जा. लेफ्काडाच्या पूर्वेला मेगानिसी हे छोटं बेट आहे, त्याच्या उत्तर किनाऱ्याला आत शिरलेल्या खाड्याच खाड्या आहेत. स्पार्तोखोरी गावाखाली खानावळींचे स्वतःचे धक्के आहेत. तिथे जेवलात की बोट बांधायचे वेगळे पैसे सहसा घेत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हवा स्थिर असेल तर दक्षिणेला इथाका, होमरच्या महाकाव्यातल्या ओडिसियसचं बेट. त्याचं किओनी हे गाव डोळ्यांत साठवावं असं आहे. पण दक्षिणेकडून लाट येत असेल तर किओनीत रात्रभर बोट हिंदकळते, तेव्हा तिकडे जाऊ नका. समोर केफालोनियाचं फिस्कार्डो. १९५३ च्या भूकंपात केफालोनिया जवळजवळ पूर्ण कोसळलं, फिस्कार्डो वाचलं, म्हणून तिथली जुनी व्हेनिसच्या काळातली घरं अजून उभी आहेत.

रोज सकाळी दोन बंदरं ठरवा: एक जिथे जायचं आहे ते, आणि एक जिथे दक्षिणेचा वारा आल्यास पळता येईल ते. लेफ्काडाच्या दक्षिणेची सिवोता खाडी वळण घेऊन आत जाते, म्हणून आतल्या टोकाला लाट पोहोचत नाही. निद्रीच्या मागची व्लिखो खाडी तर जवळजवळ तळ्यासारखी बंदिस्त, चिखलाचा तळ, नांगर घट्ट रुतणारा. पण तिथेही सोसाट्याचे झोत डोंगरावरून उतरतात, तेव्हा साखळी भरपूर सोडा. आठवड्यातला एक दिवस पूर्ण रिकामा ठेवा. गुरुवारी रात्री बोट जिथे परत द्यायची त्या कंपनीच्या तळापासून दहा-पंधरा मैलांच्या आत असलात म्हणजे शुक्रवारी वाऱ्याशी झगडत परतावं लागत नाही.

मागची बाजू धक्क्याला

मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो. इथे तो काही सेंटिमीटरांचा. पाणी चढत-उतरत नाही म्हणूनच भूमध्य समुद्रात बोटी एका ओळीत, पुढे नांगर टाकून आणि मागची बाजू धक्क्याला बांधून उभ्या राहतात. पहिल्या आठवड्यात घाम फोडणारं काम हेच.

बाहेर मोकळ्या पाण्यात सगळी तयारी करा. दोन्ही बाजूंना फेंडर, म्हणजे बोट आपटू नये म्हणून लटकवायचे फुगे, आणि एक मागे. मागचे दोन्ही दोर कठड्याच्या बाहेरून काढून नीट गुंडाळलेले, प्रत्येकापाशी एक माणूस. नांगरापाशी एक. कुणी काय करायचं हे आत्ताच बोलून घ्या आणि हातांच्या खुणा ठरवा, कारण इंजिनच्या आवाजात पुढचं बोलणं मागे ऐकू येत नाही. मग ज्या फटीत शिरायचं तिच्या अगदी समोर, धक्क्यापासून बोटीच्या तीन ते चार लांबी अंतरावर, नांगर सोडा आणि उलटं यायला लागा. साखळी सतत सैल सुटत राहायला हवी. ती अडली की बोटीचं तोंड वाकडं होतं. वेग फार कमी करू नका. पाणी सुकाणूवरून वाहत असेल तरच बोट ऐकते. उलट जाताना बोटीचं मागचं टोक आधी एका बाजूला, बहुतेकदा डावीकडे, सरकतं. हे आधी बाहेर करून बघा म्हणजे आत दचकायला होत नाही.

धक्क्याजवळ आलं की वाऱ्याकडचा दोर आधी द्या. तो बसला की दुसरा निवांत देता येतो. उडी मारून कुणीही उतरू नये, हात-पाय कधीही धक्का आणि बोटीच्या मधे घालू नयेत. दोन्ही दोर बांधल्यावर पुढची साखळी खेचून ताणा आणि मागे थोडं इंजिन देऊन नांगर धरतोय का तपासा. इथल्या अनेक जुन्या धक्क्यांच्या पायथ्याशी पाण्याखाली दगड बाहेर आलेले असतात, त्यामुळे सुकाणू वाचवायला मागे दीड-दोन मीटर अंतर ठेवा आणि फळी टाकून उतरा. जमलं नाही तर बाहेर जा, साखळी वर घ्या, पुन्हा या. ऑक्टोबरमध्ये मागे रांग लावून कुणी उभं नसतं.

सकाळी निघताना शेजाऱ्याची साखळी तुमच्या नांगरावर आलेली सापडू शकते. जोर लावू नका. नांगर पाण्याच्या वर आणा, त्या साखळीखालून एक दोर घालून तिचं वजन दोरावर घ्या, नांगर थोडा खाली सोडून मोकळा करा, मग दोर सोडा.

खाडीत नांगर टाकून रात्र

पाण्याखाली फिकट डाग दिसतो ती वाळू. गडद दिसतं ते समुद्री गवत, पोसिडोनिया. त्यावर नांगर घसरतो आणि गवतही उखडतं, ते वाढायला वर्षानुवर्षं लागतात. वाळूवरच टाका. खोलीच्या निदान पाचपट साखळी, जोराचा वारा येणार असेल तर सातपट किंवा जास्त. मग हळूहळू इंजिन उलटं द्या आणि किनाऱ्यावरचं एखादं झाड आणि त्यामागचं घर एका रेषेत धरून बघत राहा. रेष हलली नाही तर नांगर बसला. आता मास्क लावून पाण्यात उतरा आणि नांगराचं टोक वाळूत गाडलं गेलंय हे डोळ्यांनी बघा. फोनवर नांगराचा गजर लावा, बोट जागेवरून सरकली की तो वाजतो. अरुंद खाडीत बोट फिरायला जागा नसेल तर मागून एक लांब दोर किनाऱ्यावरच्या खडकाला बांधतात. त्यासाठी एक जण दोर घेऊन डिंगीने जातो.

पाणी जपून वापरा, टाकीत साधारण तीनशे लिटर असतं आणि सहा माणसांत ते तीन दिवसांत संपतं. हंगाम संपत आल्यावर काही धक्क्यांवरचे नळ बंद होतात, म्हणून जिथे चालू मिळेल तिथे भरून घ्या. बॅटरीकडेही लक्ष असू द्या. दिवस लहान, रात्री लांब, म्हणजे दिवे आणि फ्रिज जास्त वेळ चालतात.

संकट आलं तर व्हीएचएफ १६, ग्रीक तटरक्षक दलाचा फोन १०८, किंवा युरोपचा आपत्कालीन क्रमांक ११२. हे तीन आकडे रेडिओशेजारी कागदावर लिहून चिकटवा आणि बोटीवरच्या प्रत्येकाला, मुलांनाही, रेडिओ कसा उचलायचा ते दाखवा.

परत देताना

शुक्रवारी दुपारपर्यंत तळावर या. डिझेल पंपावर त्या दिवशी रांग लागते, म्हणून आधी टाकी भरा आणि पावती जपून ठेवा. कंपनीचा पाणबुड्या बोटीच्या तळाची, सुकाणूची पाहणी करतो, त्या वेळी तुम्ही तिथे हजर राहा. काही तुटलं असेल किंवा टॉयलेटचा पंप अडला असेल तर लगेच सांगा. पुढचा गट दुसऱ्या दिवशी त्याच बोटीवर चढणार असतो, आणि दुरुस्तीला कंपनीच्या हातात एकच रात्र असते.